लोअर परळचं ते इटालियन : पिझ्झा एक नंबर, बाकी उजेड

शिवडीकर (रविवार, सकाळी 11:20)

काल आईबाबांच्या लग्नाला 45 वर्षं झाली. दरवर्षी आपलं ठरलेलं, दादरला जाऊन माशाचं ताट हाणायचं, पण काल आला शनिवार आणि आई शनिवारी अंडंसुद्धा खात नाही, म्हणजे मासे बाद. बायकोने कधीतरी एक रील बघून ठेवलेलं, म्हणाली एकदा इटालियनला नेऊया ना त्यांना, चीज तरी खातील. मी म्हटलं चला. लोअर परळला एका जुन्या मिलच्या कंपाउंडमध्ये आहे. नाव मुद्दाम देत नाहीये, एका शनिवारच्या जेवणावरून कुणाच्या पोटावर पाय नको, ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील. विपूत (माझ्या विचारपूस पानावर) पण विचारू नका.

जागा बघाल तर खरंच डोळे दिपतात. मखमली खुर्च्या, हिरव्या संगमरवराची टेबलं, मधोमध कुंडीत ऑलिव्हचं झाड (खरं आहे, मी पान चुरगाळून बघितलं). बाबा आत शिरले ते खुर्च्याबिर्च्या न बघता सरळ वर बघत उभे राहिले. छप्पर तेच ठेवलंय त्या लोकांनी, करवतीच्या दातांसारखं. बाबा साचेखात्यात म्हणजे मागांवर होते, आधी बदली कामगार मग कायम, ते 82 च्या संपापर्यंत. ही मिल त्यांची नव्हे, त्यांची दोन भोंगे पलीकडे. पण छप्पर सारखंच. म्हणाले, काच बघ, सगळी उत्तरेच्या अंगाला आहे, म्हणजे ऊन अंगावर येत नाही पण दिवसभर उजेड एकसारखा मिळतो, सूत तुटलं तर लगेच दिसतं. आणि त्याच छपराखाली आता एवढा अंधार की आम्ही चौघं मोबाइलचा टॉर्च मारून मेन्यू वाचतोय. दुसऱ्या टेबलवरचेपण तेच करत होते. लोडशेडिंगला अभ्यास करायचो तसं.

असो, खाण्याचं सांगतो.

आधी बुराटा, म्हणजे आत क्रीम भरलेलं चीज. 1150 रु. फ्रिजमधून काढून थेट ताटलीत, सुरी घातली तर आतलं क्रीम ओघळायला हवं ना, ते जागचं हललं नाही. टोमॅटो फिक्के. आईने वरचं पान उचलून वास घेतला आणि म्हणाली ही तुळस नव्हे रे, हा सब्जा. फालुद्यात बी घालतो ना तो. मी हसलो आणि मग गुपचूप शोधून बघितलं तर बाई बरोबर, बेसिल म्हणजे सब्जाचंच झाड. एक मार्क आईला.

मग मश्रूम रिसोटो, 1150. ताटली यायच्या आधी वास आला. बाबा ताडकन म्हणाले, गॅस लीक आहे का बघा हो कुठे. वेटर म्हणाला सर वो ट्रफल ऑइल है. (ट्रफल म्हणजे जमिनीखाली उगवणारी महागडी अळंबी.) भात म्हणजे बाहेरून लगदा आणि आत कणी, दोन्ही एकाच घासात कसं जमवलं देव जाणे. ताटलीत मूद पाडल्यासारखा उभा. आई म्हणाली माझा गुरगुट्या याच्यापेक्षा बरा असतो, आणि ती काही टोमणा मारत नव्हती, तिला खरंच वाईट वाटत होतं त्या भाताचं.

बायकोचा कार्बोनारा पास्ता 1050. दुधातल्या शेवया आठवा आणि त्यात बेकन टाका. कोमट. कडेला सॉसवर साय धरायला लागलेली.

आणि मग आला मार्गरिटा पिझ्झा, 850. काय सांगू. कडा फुगलेली, वर काळे काळे ठिपके, बाबांना आधी वाटलं करपलाय. मी म्हटलं खाऊन तर बघा. त्यांनी कड मोडली, आत पोकळी, भाकरीचा पापुद्रा सुटतो ना तशी, आणि अजून वाफ निघत होती. पुढची पाच मिनिटं कुणी कुणाशी बोललं नाही. दुसरा मागवला.

दुसरा येईपर्यंत बाबा गायब. बघतो तर भट्टीसमोर उभे. भट्टी बाहेर हॉलमध्येच आहे, तांब्याच्या पत्र्याने मढवलेली, आणि तिथे एक विशी-बावीशीचा पोरगा एकटा. लाटणं नाही काही नाही, गोळा बोटांनी मधून बाहेर दाबत जातो, कडेला बोट लावत नाही, मग दोन्ही तळव्यांवर इकडून तिकडे झटकतो, सॉसचा एक डाव फिरवतो, चीज, पान, तेलाची धार, आणि आत. लांब दांड्याच्या छोट्या गोल उलथन्याने दोनदा वळवतो, शेवटी वर उचलून क्षणभर आगीजवळ धरतो. बाबांनी घड्याळ लावलेलं. दीड मिनिट, दोन्ही वेळेला. परत येऊन म्हणाले, टिहरीचा आहे, गढवाल, तीन वर्षं हेच करतोय. मग थोडं थांबून म्हणाले, हात चांगलाय. बाबा हे वाक्य माणसाबद्दल बोलताना मी आयुष्यात दोनदा ऐकलंय, त्यातला एक आमचा न्हावी.

शेवटी गोड म्हणून तिरामिसू 650. पेढ्यासारखं घट्ट, फ्रिजचा वास. विचारलं अंडं आहे का, म्हणाले एगलेस आहे, म्हणून आईने दोन चमचे खाल्ले, पुरे म्हणाली.

पुदिन्याचं लिंबू सरबत दोन 900, पाण्याच्या बाटल्या दोन 350. साधं पाणी मागितलं तर वेटरने असं बघितलं की मीच ओशाळलो. बिल 8027. त्यात 695 सर्व्हिस चार्ज.

मला प्रश्न एकच पडलाय. एकाच हॉटेलात एकाच रात्री पिझ्झा इतका भारी आणि बाकी सगळं इतकं ढिसाळ कसं काय? मालक एक, सामान एकाच गोडाऊनमधून येत असणार. की आम्ही मागवलंच चुकीचं?

कांदाभजी_प्लॅटफॉर्म_३ (11:41)

रुमाल टाकून ठेवतो. ओळखलं मी. दाराजवळ पिवळी स्कूटर उभी करून ठेवलीये फोटोसाठी, तेच ना?

शिवडीकर (11:44)

नो कमेंट्स. (स्कूटरवर बायकोचे 14 फोटो आहेत.)

सौ_भांडुप (12:05)

काकाकाकूंना शुभेच्छा! आम्ही मागच्या महिन्यात गेलेलो, मंगळवारी दुपारी, भिशीच्या बायका. मी तोच रिसोटो खाल्ला आणि मला तर आवडला ब्वा. मऊ पण दाणा दाताला लागत होता, पसरट आलेला, मूदबिद नाही. तुम्ही म्हणताय तो वेगळाच प्रकार वाटतोय. शनिवारी रात्री गर्दी किती होती?

शिवडीकर (12:09)

तुडुंब. बाहेर बाकड्यावर पंधरा-वीस माणसं ताटकळत होती. टेबल बुक करूनही आम्हाला 25 मिनिटं थांबवलं.

पासवरचा_पांडू (12:52)

मी या धंद्यात 11 वर्षं आहे, त्या हॉटेलात नाही, पण अशाच दोन ठिकाणी कॉमीपासून (किचनमधली सगळ्यात खालची पायरी) सुरुवात केलीये, म्हणून सांगतो. तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर किचनच्या रचनेत आहे.

रिसोटो ऑर्डर आल्यावर कच्च्या तांदळापासून सहसा करत नाहीत, कारण त्याला 17-18 मिनिटं एका माणसाने पळी घेऊन उभं राहावं लागतं. दुपारीच तांदूळ पाऊणभर शिजवतात, मोठ्या ट्रेमध्ये पातळ पसरून थंड करतात, फ्रिजला. केओटी (ऑर्डरची चिठ्ठी) आली की एक पळी तांदूळ, गरम स्टॉक, पाच-सहा मिनिटं, शेवटी आच बंद करून थंड लोणी आणि चीज घालून जोरात हलवायचं. यात वाईट काही नाही, भल्याभल्या ठिकाणी असंच चालतं, नीट केलं तर तुम्हाला कळणारही नाही. गडबड कुठे होते, तर ट्रेमध्ये तांदूळ जाड थरात पसरला तर मधला भाग आतल्या गरमीने शिजतच राहतो आणि कडेचा कच्चा राहतो. लगदा आणि कणी एकाच घासात, म्हणजे हेच झालंय. वर गर्दीच्या वेळी स्टॉक गरम नसतो, लोण्याचं हलवणं होत नाही, आणि मग तो उभा राहतो. नीट जमलेला रिसोटो ताटली हलवली की हलला पाहिजे.

कार्बोनारावर साय, म्हणजे ताटली पासवर पडून होती. तुमच्या टेबलचं बाकीचं व्हायची वाट बघत. पास म्हणजे किचन आणि हॉलच्या मधला कट्टा. शनिवारी रात्री पास्ताच्या पोरासमोर एका वेळी सहा पॅन असतात, माहितीये ना, सहा पॅन दोन हात.

आणि पिझ्झावाला? त्याला स्वतःचं काउंटर, स्वतःची भट्टी, स्वतःचा गोळा. दुसऱ्या कुणाच्या हाताची वाट बघायची नाही. त्याचा पिझ्झा भट्टीतून निघाला की तिसऱ्या मिनिटाला टेबलवर. शिवाय चोवीस तास गिऱ्हाईक समोर उभं, तुमच्या बाबांसारखं, घड्याळ लावून. भिंतीमागे कोण बघतंय.

शिवडीकर (1:03)

हे वाचून बाबांना ऐकवलं. म्हणाले, बरोबर आहे, मास्तर (खात्याचा साहेब) खात्यात फिरत असला की साचे बरे चालायचे.

त्रेविसोचा_जावई (1:30)

काही गोष्टी स्पष्ट करतो. (मिलानला 3 वर्षं होतो ऑफिसच्या कामाने, जावईबिवई कुणाचा नाही, आयडी उगाच आहे.)

1. ट्रफल ऑइलमध्ये बहुतेक वेळा ट्रफल नसतंच. ऑलिव्ह तेलात 2,4-डायथायापेंटेन नावाचं रसायन, गंधकाचं आहे, म्हणून गॅसचा वास. काका अजिबात चुकले नाहीत, घरच्या गॅसला जो वास मुद्दाम लावतात तोही गंधकाच्याच रसायनाचा.

2. बुराटा फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवायचा असतो. तो मुळात पुलियातल्या आंद्रिया गावचा, मोझरेलाच्या पिशवीत मोझरेलाच्या चिंध्या आणि क्रीम भरतात. उरलंसुरलं खपवायची युक्ती होती हो ती. 1150 रुपयांना!

3. कार्बोनारामध्ये क्रीम हे पाप आहे. अंड्याचा बलक, पेकोरिनो चीज, मिरी, ग्वांचाले म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस. संपलं.

तळलेला_बोंबील (1:47)

पाप वगैरे राहू द्या ओ. 1954 साली इटलीतल्या मासिकात जी कार्बोनाराची कृती छापून आली तिच्यात लसूण आणि ग्रुयेर चीज होतं, ग्रुयेर म्हणजे स्वित्झर्लंडचं. आजीच्या आजीपासून चालत आलेली रेसिपी वगैरे सगळं नंतरचं. त्यांचा वाद क्रीम घातलं का असा नाहीचे, थंड झालं होतं आणि 1050 घेतले असा आहे.

त्रेविसोचा_जावई (1:52)

1954 चं मान्य. क्रीमचं मान्य नाही.

चौथी_सीट (2:10)

मला एक कळत नाही. आईला मासे, बाबांना भाकरीचा पापुद्रा, मग इटालियनला गेलातच कशाला? 8 हजारात गिरगावात सबंध खानदान जेवलं असतं. नंतर येऊन रडायचं.

शिवडीकर (2:18)

रडतोय कुठे? दोन पिझ्झे खाऊन आम्ही खूश होतो. 72 वर्षांचा माणूस पहिल्यांदा काहीतरी नवीन खातोय आणि भट्टीपाशी जाऊन पोराची चौकशी करतोय, ते बघायला मिळालं मला. पण 1150 चा भात कच्चा असेल तर कच्चा म्हणायला पण इटलीचं तिकीट काढावं लागतं का?

सौ_भांडुप (2:31)

शिवडीकर, एक विचारू? आई शनिवार पाळतात म्हणालात. रिसोटोत पार्मेझान असणार. खरं इटलीचं जे पार्मिजानो असतं ना, त्याचं दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट घालतात, त्यांच्या नियमातच आहे. मला हे कळलं तेव्हा चार दिवस चीज उतरलं नव्हतं घशाखाली.

शिवडीकर (2:33)

अहो हळू बोला. ती शेजारी मटार सोलतेय.

पासवरचा_पांडू (2:58)

आपल्याकडे बनणारी चीज बहुतेक मायक्रोबियल (प्राण्याचं नसलेल्या) रेनेटची असतात, ती चालतात. इम्पोर्टेड असेल तरच भानगड. ऑर्डर देताना विचारायचं, वेटरला माहीत नसतं, आत विचारून ये म्हणायचं. वेटर तोंडावर हो म्हणाला तर समजा गेलाच नाही आत.

बन्सी_गहू (3:40)

थोडं अवांतर. पास्ता ड्युरम गव्हाचा, आणि आपला बन्सी गहूसुद्धा ड्युरमच. पुण्याच्या आघारकर संस्थेने ड्युरमच्या जाती काढल्यात. आमच्याकडे जळगावला बन्सीच्या रव्याच्या शेवया व्हायच्या, खाटेवर सुकवलेल्या.

चकोल्यांचं बघा, वरणातच शिजवतो आपण, वेगळं पाणी नाही, म्हणून कणकेतला स्टार्च वरणात उतरतो आणि ते दाट होऊन चकोलीला धरतं. पास्ता उकडलेलं पाणी पळीभर सॉसमध्ये घालतात ते यासाठीच. आणि चकोल्या ताटात वाढून दहा मिनिटं ठेवा, काय होतं? दगड. त्यामुळे त्या कार्बोनाराचं काय झालं असेल ते मला खानदेशात बसून कळलं.

कांदाभजी_प्लॅटफॉर्म_३ (3:44)

झालं, चकोल्या आल्या. धाग्याचं काश्मीर होणार आता. चकोल्या की वरणफळं यावर शंभर प्रतिसाद कुठेच गेले नाहीत.

तळलेला_बोंबील (3:46)

वरणफळं.

बन्सी_गहू (3:46)

चकोल्या.

हिशेबनीस (5:15)

त्या 695 बद्दल कुणीच कसं बोललं नाही? बेरीज करून बघितली, जेवण 6950, त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज, आणि मग या सगळ्यावर 5 टक्के जीएसटी, म्हणजे सर्व्हिस चार्जवरपण टॅक्स भरलात तुम्ही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच सांगितलंय की बिलात आपोआप लावायचा नाही, हॉटेलवाले कोर्टात गेले, मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टाने प्राधिकरणाच्या बाजूने निकाल दिला. तिथल्या तिथे काढायला सांगायचं. नाही काढला तर 1915 ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला फोन. तुमचं बिल 7298 झालं असतं. 730 रुपये वाचले असते, जवळपास एक पिझ्झा.

शिवडीकर (5:22)

बायको म्हणाली होती. मी म्हटलं जाऊ दे, लग्नाचा वाढदिवस आहे, बाबांसमोर 700 रुपयांसाठी हुज्जत नको. आता बाबाच म्हणतायत, मला सांगायचंस, मी घातली असती.

पासवरचा_पांडू (5:40)

आणि तो सर्व्हिस चार्ज पोरांना मिळतो असंही समजू नका, काही ठिकाणी वाटतात, काही ठिकाणी वरच्या वर. त्या भट्टीवाल्याला द्यायचे असतील तर हातात द्या. जाता जाता, पुन्हा जाणार असाल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, पहिल्या बॅचला, साडेबाराच्या आत. रिसोटो तेव्हा खाऊन बघा. ट्रफलशिवाय सांगा.

शिवडीकर (पुढच्या मंगळवारी, रात्री 9:05)

अपडेट. गेलो. आज मला सुट्टी होती, बाबाच मागे लागले, आई नको म्हणाली, तिने आमच्यासाठी घरी डाळभात ठेवून दिला, उपाशी याल म्हणाली.

साडेबाराला दार उघडायच्या आधीच आम्ही हजर, आख्खं हॉटेल रिकामं. आणि दुपारचं काय दिसतं ते! वरच्या काचांतून उजेड येतो, एकसारखा, सावलीच पडत नाही कुठे. मेन्यू टॉर्चशिवाय वाचला. बाबा म्हणाले, आता कसं खातं वाटतंय.

रिसोटो मागवला, ट्रफल नको म्हणून सांगितलं. 20 मिनिटं लागली. पांडूभाऊ, पसरट आला. ताटली हलवली तर हलला. दाणा दाणा वेगळा लागतो पण सुटा नाही, वर चीजची चव मागून येते. बाबांनी अर्ध्याहून जास्त खाल्ला आणि म्हणाले, आईला सांगू नकोस पण गुरगुट्या नाही हा. रेनेटचं विचारलं, वेटर खरंच आत गेला, येऊन म्हणाला इथलंच चीज आहे, मायक्रोबियल. सर्व्हिस चार्ज काढा म्हटल्यावर न बोलता काढला. बाबा हुज्जतीच्या तयारीने आलेले, थोडे हिरमुसलेच.

पण पिझ्झा.

पिझ्झा आला तो पांढरट, कड बसलेली, मध्ये पाणी सुटलेलं, टोक उचललं की सगळं घसरून ताटलीत. बाबा लगेच उठून भट्टीपाशी. दुसराच कोणीतरी होता, लाटणं घेऊन.

विचारलं, तो टिहरीवाला कुठेय. म्हणाले, सर उसका मंगलवार को वीकली ऑफ रहता है.

पासवरचा_पांडू (9:11)

अरेरे. हे विचारायचं राहिलं.

सौ_भांडुप (9:14)

म्हणूनच! आम्हीपण मंगळवारीच गेलेलो, पिझ्झा सगळा उरला होता, मी बांधून आणला आणि घरी तव्यावर शेकला.

कांदाभजी_प्लॅटफॉर्म_३ (9:20)

म्हणजे बुधवारी साडेबाराला जायचं. रिसोटोपण नीट, टिहरीपण हजर. सोपंय.

शिवडीकर (9:26)

येत्या बुधवारी बाबांची दाढ काढायचीये. त्यांनी आत्ता डेंटिस्टला फोन लावलाय, गुरुवार मिळतो का बघायला.